टबाखालचं मांजर

टिल्टनच्या खाडीत गलबत अडकून पाच दिवस झाले होते आणि माझं लग्न परवावर आलं होतं. पाद्री आमच्या गावी वर्षातून एकदाच येतो. गेल्या वर्षी वाऱ्यामुळे तो चुकला. ह्याही वर्षी चुकला तर आपण दुसरा नवरा बघणार, असं सेलीनानं मला तोंडावर सांगितलं होतं. खोटं बोलायची तिला सवय नाही.

कप्तान अझराया पेली रोज सकाळी बोट ओलं करून वर धरायचा. "उलटा वारा, हेडली. देवापुढे इलाज नाही." मग दाढी करून किनाऱ्यावर जायचा. दाढी! सबंध हंगामात ह्या माणसानं वस्तऱ्याला हात लावला नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण राग आला की माझं डोकं चालत नाही, आणि राग मला बाराही महिने असतो.

किनाऱ्यावर डॉर्कस नावाची विधवा आम्हाला चहा आणि काकवी लावलेला पाव द्यायची, बदल्यात सरपण फोडून घ्यायची. त्यात तिचं मांजर हरवलेलं. बिशप त्याचं नाव. "लाकडं मरू देत, आधी माझा बिशप शोधा!" आम्ही चार धडधाकट खलाशी खडकाखडकांतून म्याव म्याव करत हिंडत होतो.

गुरुवारी दुपारी मासळीच्या खोपीमागे मला आवाज आला. पालथा टब, वर दगड. उचलला, तर आत बिशप, फुगून दुप्पट झालेला. पुढ्यात बशीभर कॉड माशाच्या जिभा. आमच्या ताटातून रोज गायब होणाऱ्या त्याच जिभा!

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: मांजर भांड्याखाली कोंडलं की वारा फिरत नाही. बायका करतात हे, नवरा दर्यावर जाऊ नये म्हणून.

वळून बघतो तर मागे कप्तान, हातात जिभांची दुसरी बशी.

"टब खाली ठेव."

"लाज नाही वाटत? साठीला आलात!"

"अठ्ठावन्न." मग बशी दोन्ही हातांत धरून म्हणाला, "एकच दिवस दे रे. तिला विचारायचंय. रोज दारापर्यंत जातो आणि तोंडातून 'चहा छान झालाय' एवढंच निघतं."

"आणि माझी सेलीना?"

"तू तरुण आहेस. दुसरी मिळेल."

मी मांजर काखोटीला मारलं आणि सरळ डॉर्कसच्या दारात उभा राहिलो. "बाई, हा तुमचा बिशप. कप्तानानं कोंडला होता. त्याला तुमच्याशी लग्न करायचंय. हो की नाही ते आत्ता सांगा, मला उशीर होतोय, माझ्या लग्नाचा पाद्री निघून जाईल."

कप्तान मागे धापा टाकत आला, उकडलेल्या शेवंडासारखा लाल. डॉर्कसनं आधी बिशपचं पोट चाचपलं. मग बशीकडे बघितलं.

"पाच दिवस ह्याला जिभा घातल्यात?"

"हो," कप्तान पुटपुटला.

"आणि मला एक नाही?"

कप्तानानं बशी पुढे केली. तिनं उभ्याउभ्या एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मला विचारलं, "तो पाद्री कधीपर्यंत आहे म्हणालास?"

"शनिवारपर्यंत."

"मग बघत काय राहिलात? मी पेटी भरते. बिशपही येणार."

वारा अजून उलटाच होता. तसूभर फिरला नव्हता. कप्तानानं बोट ओलं केलं नाही, वर बघितलंसुद्धा नाही. "शिडं चढवा!" म्हणाला, आणि त्याच उलट्या वाऱ्यात नागमोडी वळणं घेत गलबत असं बाहेर काढलं की आम्ही बघतच राहिलो. मग पाच दिवस काय झालं होतं, हे विचारायला मी तोंड उघडलं. पण सुकाणूपाशी डॉर्कस बसली होती आणि तिच्या मांडीवरून बिशप माझ्याकडेच बघत होता.

शनिवारी पाद्र्यानं दोन लग्नं लावली. पहिलं कप्तानाचं. वयाचा मान म्हणे! तिथंही मला थांबवलंच.