वाटणीची उंची

मी आणि दादा जुळे. तो सतरा मिनिटांनी मोठा म्हणून दादा, नाहीतर चौदाव्या वर्षी मीच त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. आमच्या काकांचा एक ठरलेला विनोद आहे : "पोटात असतानाच हिने त्याच्या वाटणीचं खाल्लं!" आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवतात आणि आधी स्वतःच हसतात. मला त्यांचा भयंकर राग येतो. पण खरं सांगते, तो विनोद मला पटला होता.

मग मी घेतलेलं परत करायला लागले. मधल्या सुट्टीत माझा डबा दादापुढे ठेवायचा, "भूक नाही" म्हणायचं आणि पळायचं. घरी माझं दूध त्याच्या पेल्यात. पहिले काही दिवस पोटात कावळे ओरडले, मग तेही कंटाळून उडून गेले, रात्रीच्या जेवणातही दोन घासांत पुरे व्हायचं. त्यानंतर सगळं हलकं हलकं झालं. जिन्याच्या पायऱ्या पायाखाली मऊ लागायच्या, फळ्यावरची अक्षरं हळूच पोहायला लागायची, बाईंचा आवाज पाण्याखालून यायचा. छान वाटायचं, कबूल करते. दादा मात्र तसूभर वाढला नाही. उलट माझ्याशी बोलेनासा झाला, शाळेत जाताना वीस पावलं मागून चालायला लागला, आणि परवा आईला म्हणाला, "मला शाळेत जायचंच नाही. कधीच."

हे उंचीमुळेच असणार, म्हणून आई त्याला या डॉक्टरांकडे घेऊन आली, आणि सोबत मला. या बाई फक्त वयात येणाऱ्या मुलांना तपासतात. बाहेर बाकावर नुसती लांब पायांची, मान खाली घातलेली मुलं. थोडं बोलणं झाल्यावर डॉक्टरांनी आईला बाहेर बसायला सांगितलं. "माझ्याकडे सगळ्यांच्याच आया थोडा वेळ बाहेर बसतात," त्या म्हणाल्या. आई एवढंसं तोंड करून गेली. मीही उठले, तर दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "ती थांबली तरी चालेल."

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हाताचा एक्स-रे उजेडावर धरला. काळोखात एक पांढरा हात तरंगत होता, आणि बोटांच्या हाडांत बारीक फटी होत्या.

"या फटींतून हाडं वाढतात," त्या म्हणाल्या. "तू चौदाचा, पण तुझी हाडं अजून बाराचीसुद्धा नाहीत. बाबा कधी वाढले तुझे?"

"कॉलेजात गेल्यावर."

"मग तुझंही घड्याळ त्यांचंच. उशिरा चालतंय, पण चालतंय."

"आणि त्याने जास्त खाल्लं तर?" मी विचारलं.

"पोटभर खातोय तो. आणखी खाऊन काही लवकर वाढणार नाही."

तो पांढरा हात अलगद छताकडे निघाला. खोलीही त्याच्यामागून निघाली. मी पडले नाही, डॉक्टरांनी मनगट धरलं होतं. त्यांनी नाडी मोजली, माझी गार बोटं स्वतःच्या हातात घेतली.

"काल काय काय खाल्लंस?" त्यांनी हळू विचारलं. "भावाला बाहेर पाठवू का?"

मी मान हलवली, नको म्हणून. मग सगळं सांगून टाकलं. डबा, दूध, तीन महिने न आलेली पाळी, काकासुद्धा.

"पोटात तुम्हा दोघांचं अन्न वेगवेगळ्या वाटेने येत होतं," त्या म्हणाल्या. "तू त्याचं काहीही घेतलेलं नाहीस. आता आईला आत बोलावू आपण. तू सांग, मी शेजारी बसते. हे दोन दिवसांत भरून यायचं नाही, पण येईल."

दादाचे कान लालबुंद झाले होते.

"म्हणून डबा ठेवून पळायचीस?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं, माझ्याशेजारी बसायची लाज वाटते तुला." त्याचा आवाज फाटला. "एकटा खायचो मी तुझा डबा. एक घास गोड लागला नाही."

मला रडू फुटलं. आणि रडता रडताच, कितीतरी दिवसांनी, कडकडून भूक लागली.