चांदी गेली, तांबं उरलं

मित्रांनो, मी एक जुना पॉइंट आहे. राजाजीनगरातल्या एका घराच्या पाण्याच्या पंपाला जो स्टार्टर होता, त्यात मी राहत होतो. तांब्याची छोटी पट्टी आणि टोकावर चांदीची टिकली, एवढाच माझा देह. बटण दाबलं की मी समोरच्या जोडीदाराला जाऊन चिकटायचो, वीज आमच्यातून जायची आणि पंप चालायचा. सुटताना ठिणगी उडायची. तिने चांदी काळवंडायची, पण तो काळेपणा विजेला फारसा अडवत नाही. आमचं बरं चाललं होतं.

घरमालक रघुनंदनराव बँकेतून निवृत्त झालेले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, तर यंत्रं लख्ख हवीत, असा त्यांचा हट्ट. वीज बंद करून ते स्टार्टर उघडायचे आणि पॉलिश पेपरने मला खसाखसा घासायचे.

"बघ कमला, कसा आरशासारखा झालाय!" असं बायकोला सांगायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते कौतुक गोड लागायचं.

घासता घासता चांदी संपली आणि तांबं उघडं पडलं. तांब्याची तऱ्हा वेगळी. ठिणगीने तापलं की त्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे थर चढतो आणि तो विजेची वाट अडवतो. वाट अडली की मी तापायचो, तापलो की थर आणखी वाढायचा.

त्यातच कमलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या वरच्या मजल्यावर, जिना उतरायची बंदी. एका सकाळी पंप नुसताच घुमला आणि थांबला. वर थेंबभर पाणी नाही. सत्तरीतले रघुनंदनराव बादल्या घेऊन जिना चढू लागले आणि त्यांचा पाय घसरला. कठडा हाती आला म्हणून वाचले.

"अहो, साकु, बस झालं!" कमलाबाई वरून रडवेल्या आवाजात, कानडी मिसळून ओरडल्या. "पाणी गेलं खड्ड्यात, तुम्ही धड राहा!"

मुलगी संपदा धावत आली. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तिने मला काढून मीटर लावला.

"अण्णा, याला घासलं कोणी?"

"मीच. काळा पडायचा गं तो."

"काळी असली तरी चांदी होती ती. तुम्ही सगळी घासून टाकलीत."

रघुनंदनराव पायरीवर बसले. नवे पॉइंट बसले, वर पाणी चढलं, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मग आता खंडेनवमीला काय करू?"

"झाकणाला हळदकुंकू लावा आणि हात जोडा. आत हात घालू नका."

मी आता भंगाराच्या डब्यात आहे. मित्रांनो, आमच्यातले बहुतेक जण दुर्लक्षाने जातात, मी लाडाने गेलो. त्याचं मला फारसं काही नाही. पण त्या लाडापायी एक म्हातारा जिन्यावरून पडता पडता वाचला. म्हणून सांगतो, कुणाची काळजी घ्यायची असेल तर त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या.