बाबांची हरकत

माझं आत्मचरित्र छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "बाबांना विचारलंस का?"

बाबा जाऊन एकवीस वर्षं झाली. पण आमच्या ताइनान शहरात एवढ्यावर कुणाची सुटका होत नाही. मी सत्तरीचा. बून-ह्वीबरोबर चाळीस वर्षं काढली. आधी चोरून, मग सगळ्यांनी डोळेझाक केल्यावर, आणि कायदा बदलला तेव्हा कचेरीत रीतसर लग्नाची सही करून. बाबा असेपर्यंत घरी तो 'भाडेकरू' होता. हे सगळं खऱ्या नावानिशी छापून आलं की मी मरायला मोकळा. आणि ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई देव्हाऱ्यासमोर ठोकळे घेऊन उभी!

चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे तर नाही. दोन्ही उताणे म्हणजे वाडवडील हसतायत.

"बाबा, कुन-त्योंगनं पुस्तक छापावं की छापू नये?"

दोन्ही उताणे.

"अगं, एका वेळी एकच प्रश्न विचारतात! आणि घराचा पत्ता कोण सांगणार? त्याशिवाय बाबांना कळणार कसं, कोण विचारतंय?"

तिनं गल्लीच्या नंबरासकट पत्ता सांगितला. छापावं? नाही. बून-ह्वीचं नाव बदललं तर? नाही. ताईचं वय सहा वर्षांनी कमी केलं तर?

"हे बाबांनी कधी मागितलं?"

"मी मागतेय. गप्प बस."

नाही.

स्वयंपाकघरात पेरू चिरत असलेला बून-ह्वी ओरडला, "अहो ताई, कुठलं प्रकरण खुपतंय ते तरी विचारा!"

पहिलं चालेल? हो. दुसरं? हो. तिसऱ्यात तर गरम पाण्याच्या कुंडातली ती भानगड होती. हो! माझे कान लाल झाले. चौथं? नाही.

चौथ्याचं नाव 'बाबांना कधीच कळलं नाही'. रडत रडत साठ पानं लिहिली होती मी.

ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

हो. पुन्हा टाकले, हो. तिसऱ्यांदाही हो. लागोपाठ तीन आले की वाद संपला.

मला रडू फुटलं, आणि म्हाताऱ्याचा संतापही आला. "मग मला एकोणीस मुली बघायला कशाला पाठवलंत?"

ताईनं लगेच टाकले. दोन्ही उताणे.

"हसतायत बघ! मूर्खा, नवीन वर्षाच्या जेवणात कोंबडीची तंगडी ते कुणाच्या वाडग्यात घालायचे?"

"बून-ह्वीच्या."

"भाडेकरूला कुणी तंगडी वाढतं का रे?"

त्या तंगडीवरून चौथ्या प्रकरणात मी अख्खं पानभर आदळआपट केली होती: पोटच्या पोराला पंख आणि परक्याला तंगडी! ते पान शोधून काढलं आणि 'परक्याला' खोडून तिथं 'जावयाला' लिहिलं.