चन्नप्पा डॉक्टरांचा रेशमी रुमाल

आपल्या घरच्या मोठ्या माणसाचं नाव कुठंतरी लागावं, असं कुणाला वाटत नाही, मंडळी? रामलिंगअप्पांना तर ह्या इच्छेनं झपाटलंच होतं. राणीसावरगावात त्यांचं कापडाचं दुकान. गावात सरकारी दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली आणि अप्पांनी ध्यासच घेतला, की तिला आजोबांचं, डॉक्टर चन्नप्पांचं, नाव द्यायचं. आजोबा हैदराबादेत शिकून आलेले. मोटार नाही, सडक नाही, त्या काळात घोड्यावरून गावोगाव फिरायचे. पटकीच्या साथीत सारं गाव रानात पळालं, हे एकटे राहिले. गिऱ्हाईक धोतरजोडी घ्यायला आलं, तरी ही कथा ऐकल्याशिवाय सुटायचं नाही.

सरपंच किशनराव म्हणाले, "अप्पा, माझी ना न्हाई. पण विद्यापीठाच्या नावावरून दंगल होऊन लय दिस न्हाई झाले. सगळ्या वस्त्यांचा होकार आणा. बौद्धवाड्यात बायनाबाई हो म्हणली, की झालं."

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. त्या दंगलीच्या दिवसांत ह्याच अप्पांनी दुकानात बसून अक्कल पाजळली होती, "नावात काय ठिवलंय? नावानं पोट भरतंय का? उगं हट्ट करायलेत!" घरी बायकोनं, महादेवीनं, नेमकं तेच काढलं.

"तुमाला आज्याचं नाव पायजे, तर तो अभिमान. त्यांनी बाबासाहेबांचं नाव मागितलं, तर तो हट्ट. असं कसं वो?"

"तू गप बस. ते येगळं, हे येगळं."

"काय येगळं हाय, ते तरी सांगा की!"

सांगता येईना, म्हणून अप्पा चिडले. देवघरातल्या डबीतून आजोबांचा रेशमी रुमाल काढून त्यांनी खिशात घातला आणि तडक बाहेर पडले. घरात लेकरू तापलं की हाच रुमाल त्याच्या कपाळाला लावायची रीत होती. आजोबा ह्यानं रोग्यांचा घाम पुसायचे, असं अप्पांना वडिलांनी सांगितलेलं.

बायनाबाई दारात ज्वारी निवडत होती. वयानं अप्पांच्या आईएवढी, पण अप्पा बोलले ते नेहमीच्याच तऱ्हेनं.

"बायने, एक काम होतं." त्यांनी सगळं सांगून रुमाल तिच्यापुढं ठेवला. "बघ, ह्यानं आजोबा गोरगरिबांचा घाम पुसायचे."

बायनाबाई रुमालाकडं बघतच राहिली. मग तिनं तो उचलला, आपल्या मनगटाला गुंडाळला आणि हात पुढं केला.

"घ्या अप्पा. बघा आता नाडी."

"हे काय?"

"घाम कशाचा पुसत्यात? आमाला शिवावं लागू नये म्हणून हुता ह्यो. रेशमाला इटाळ लागत न्हाई, म्हणायचे. ते लांबून फेकायचे, आमीच गुंडाळायचा, मग वरून बोटं ठिवायचे. माझ्या मायचं पोट फुगलं हुतं, गडाबडा लोळायली हुती. म्या एवढीशी पोर, म्हणलं, डाक्टरसाहेब, पोट बघा हो! त्यांनी रेशमावरनं नाडी बघितली, तापाची पुडी दगडावर ठिवली आन् घोड्यावर बसले. पोटाला हात लावला असता तर कळलं असतं की न्हाई, तुमीच सांगा! दुसरा दिस तिनं काही बघितला न्हाई."

"पण साथीत ते एकटे गावात राहिले होते," अप्पा कसंबसं म्हणाले.

"राहिले की. कोण न्हाई म्हणतंय? मरणाला भ्याले न्हाईत. आमच्या अंगाला भ्याले." तिनं आजूबाजूच्या घरांकडं हात केला. "आन् आमी आमच्या माणसाचं नाव मागितलं, तवा ही घरं जळायली हुती. तवा तुमी कुठं हुता?"

"दुकानात. फळ्या लावून आत बसलो होतो."

हाच रुमाल आपण लेकरांच्या कपाळाला लावला! अरेरे, काय पूजलं आपण इतकी वर्षं! अप्पांना शरमेनं मान वर करवेना. ते खाली बसले आणि तिच्या मनगटावरचा रुमाल त्यांनी आपल्या हातानं सोडवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बोटं त्या वस्तीतल्या कुणाच्या हाताला लागली.

"बायनाबाई, चुकलं आमचं," ते म्हणाले.

ग्रामसभेत अप्पांनी सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "आज्याचं नाव नको. द्यायचंच असलं तर बायनाबाईच्या मायचं द्या. तानुबाईचं!"

झालं! एकच गिल्ला उठला. कालपर्यंत माना डोलावणारे धोतर झटकून उठून गेले. "अप्पाचं डोस्कं फिरलं," म्हणाले. भाऊबंदांनी बोलणं टाकलं, निम्मं गिऱ्हाईक तुटलं. तानुबाईचं नाव लागणार म्हटल्यावर गावाला एकाएकी नावच नकोसं झालं. दवाखान्याच्या पाटीवर आजही नुसतं 'दवाखाना' एवढंच आहे.

मंडळी, वाडवडिलांची नावं जरूर लावा. पण लावण्याआधी, ज्यांना त्यांनी लांब ठेवलं त्यांच्या दारात जाऊन एकदा विचारून या. आणि दुसऱ्यानं त्याच्या माणसाचं नाव मागितलं, की "नावात काय ठिवलंय" असं म्हणू नका. नावात काहीच नसतं, तर तानुबाईचं नाव ऐकून अर्धी ग्रामसभा उठून गेली नसती!