सतरावं विधान

बत्तीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाबांना छापखान्यात सगळे ‘काना-मात्रा’ म्हणत, आणि बाबांना ते कौतुक वाटे! घरी मात्र लेकीने कॉलेजात गेल्यापासून आपला एकही कागद त्यांना दाखवला नव्हता. परवा तिने आपणहून प्रश्नावली पुढे केली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

माणसाच्या स्वभावात परिपूर्णतेचा हट्ट किती, हे मोजण्यावर तिचं संशोधन चाललं होतं. तीस विधानं, प्रत्येकापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘अगदी खरं’पर्यंत पाच गोल. आपल्याला लागू पडेल तो भरायचा.

“बाबा, नुसते गोल भरा हं,” ती दोनदा म्हणाली होती.

पण बाबांचे हात शिवशिवले. लाल पेन निघालंच. संध्याकाळी कागद परत दिला तेव्हा त्यावर सत्तावीस दुरुस्त्या होत्या आणि गोल एकही भरलेला नव्हता.

“सतराव्यात तर कहर आहे,” ते रंगात येऊन म्हणाले. “‘लिहिलेलं घरी दाखवायची मला भिती वाटते.’ ‘भी’ला पहिली वेलांटी! कुणी लिहिलंय हे?”

“विधानं लोकांच्या लिखाणातून जशीच्या तशी घेतलीत, बाबा.”

“अगं, पण कुठल्या लोकांच्या?”

“हे माझं आहे. पाचवीतल्या निबंधातलं, ‘माझा स्वभाव’. फक्त ‘बाबांना’च्या जागी ‘घरी’ केलं.”

बाबांचा चेहरा खाडकन उतरला. तो निबंध त्यांना चांगला आठवत होता. ते वाक्य त्यांनी तेव्हाही वाचलं होतं. तेव्हाही वेलांटी दुसरी केली होती, बाकीच्या चार चुका काढल्या होत्या, खाली ‘पुन्हा लिही’ असा शेरा मारला होता आणि शांतपणे जेवायला बसले होते. दहा वर्षांची पोर काय सांगतेय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आजही आलं नसतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने कोरी प्रत समोर ठेवली. बाबांनी पेनाला टोपण लावलं. तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

“तेव्हाच विचारायला हवं होतं गं मी,” ते कागदाकडे बघतच म्हणाले. “कसली भीती वाटते म्हणून.”

“मी वाट बघत होते,” लेक म्हणाली. “आठवडाभर वही तुमच्या टेबलावर उघडी ठेवली होती.”