काठावरची हाक

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी चपला काढून हातात घेतल्या, घोटाभर पाण्यात वाकून तळवा बुडवला आणि तरणतलावावर रोज देत तसाच निकाल दिला.

"झकास आहे. इथंच उतरायचं."

बायको कोरड्या वाळूतच थांबली. "अहो, पोहायच्या जागेचे झेंडे तिकडे लावलेत. सगळी माणसंही तिकडेच आहेत."

"म्हणून तर इकडे! तिकडे नुसती जत्रा, आणि लाटा बघ केवढ्या. इथं पाणी कसं गुळगुळीत आहे."

खोटं नव्हतं ते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला हा पट्टा सपाट, गडद, निजल्यासारखा पडला होता. वाळू मऊ, मागे नारळाची सावली, आसपास चिटपाखरू नाही. फिरायला आलेल्या माणसाला आणखी काय हवं? पण वाटेवरचा फलक तिनं अख्खा वाचला होता. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही ती सोडत नसे, आणि त्यावरून घरात तिची यथेच्छ टिंगल होई. लाट फुटत नाही तिथंच पाणी माणसाला आत ओढतं, असं फलकावर लिहिलं होतं. ओढले गेलात तर काठाकडे पोहू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा.

"त्या फलकावर काय लिहिलंय..."

"हिला पेल्यातलं पाणीसुद्धा खोल वाटतं," मास्तर लेकीला म्हणाले.

लेक खुदकन हसली. स्पर्धा जिंकून घरभर चषक मांडून ठेवणारी पोर ती, बापाची मासोळी. धावत गेली आणि तिनं सूर मारला. पाण्याच्या बाबतीत त्या घरात एकाच माणसाचा शब्द चालायचा, आणि तो बायकोचा नव्हता.

जरा वेळानं लेकीचं डोकं फारच लहान दिसायला लागलं. हात सपासप चालले होते, पण पोर काही जवळ येत नव्हती. मास्तर कमरेइतक्या पाण्यात गेले आणि तोंडाशी हात धरून ओरडले.

"मासोळी! सरळ माझ्याकडे! पाय मार, जोर लाव!"

काठावरून ओरडायचं आणि पोरांच्या अंगातला उरलासुरला दम काढून घ्यायचा, हीच तर त्यांची विद्या. पोर जोर लावत होती आणि मागे मागे जात होती. झेंड्यांपाशी शिट्टी वाजली. जीवरक्षक बगलेत फळी मारून धावत सुटला, पण तो अजून बराच लांब होता.

"अहो, तिला पोहायला लावू नका! तरंगायला सांगा!"

"तू मध्ये पडू नकोस! तुला काय कळतंय त्यातलं?"

आता तिचं डोकं सणकलं. अंगावरच्या कपड्यांनिशी ती पाण्यात घुसली, नवऱ्याला ढकलून पुढे गेली आणि जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली.

"बाबांचं ऐकू नकोस! त्यांना काहीएक कळत नाही! उताणी पड! हात वर कर!"

मास्तरांचा आ वासलेलाच राहिला.

लेकीचे हात थांबले. डोकं पाण्याखाली गेलं. आई आणखी दोन पावलं आत गेली. मग कितीतरी बाजूला, फेसापलीकडे, आभाळाकडे वळलेला चेहरा वर आला आणि एक हात उठला. तोवर जीवरक्षक पाण्यात शिरला होता. त्यानं पोरीला फळीवर घेतलं आणि लाटांच्या बाजूनं काठाला आणलं.

"हातपाय मारायचं थांबली म्हणून सापडली," एवढंच धापा टाकत बोलून तो झेंड्यांकडे परत गेला.

आई तिची पाठ चोळत होती, रडत होती, मध्येच हसत होती. "ऐकलंस गं बाई माझं! ऐकलंस!"

"काय ऐकलं?" लेकीनं खारट पाणी थुंकत विचारलं.

"तरंग म्हणून ओरडले ना मी!"

"मला कुणाचंच ऐकू आलं नाही, आई. कानात नुसतं घोंघों. हात उचलेनात, म्हणून दिलं सोडून. मग तो फळीवाला दिसला, त्याला हात केला."

आईचा हात तिच्या पाठीवर थांबला. तिनं मान वर केली. मास्तर टॉवेल घेऊन समोर उभे होते, केव्हापासून कोण जाणे. त्यांनी तो लेकीभोवती गुंडाळला, कडा नीट खोचल्या, पण बघत होते बायकोकडे.

"मला आलं ऐकू," ते म्हणाले.