टेबलाखालचं घर

"अहो, परत?" बायको हसली. "दिवसभर फ्रिज दुरुस्त करून हात शिवशिवतात यांचे. त्या बाहुल्यांना तरी सोडा!"

बुटकं टेबल म्हणजे घर. लांब भिंतीशी ठेवलेला बाप-बाहुला फ्रिजवाल्याने उचलून टेबलाखाली आणला होता आणि छोटी बाहुली त्याच्या कडेवर दिली होती. त्याच्या चार वर्षांच्या लेकीने, टिल्लीने, बाहुल्याला पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवलं. बाहुली एकटीच आत राहिली.

इमारतीला आग लागल्यापासून पोर धड झोपत नव्हती, म्हणून दर आठवड्याला तिघं या खेळण्यांच्या खोलीत येत. "बाबा, खेळ तिचा आहे," समुपदेशक ताई म्हणाल्या. "आपण नुसतं सोबत बसायचं. दुरुस्त नाही करायचा."

"पण यांनीच तर बाहेर काढलं तिला," बायको अभिमानाने म्हणाली. "मी कामावर होते. हे नसते तर..."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पोरीला बाहेर काढलं होतं वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी. हा जीव मुठीत धरून एकटाच पळाला होता. जिन्यात आजोबांनी टिल्लीला त्याच्या हातात दिलं आणि ते आजींना आणायला परत वर धावले. रस्त्यावरच्या लोकांना दिसला तो पोरीला कवटाळून बाहेर येणारा बाप. पाठीवर थापा पडल्या, शहाण्याने त्या मुकाट घेतल्या. आजोबांनी पुढे अवाक्षर काढलं नाही. ते दिसले की हाच रस्ता बदलायचा.

टिल्ली बाहुलीला रागावत होती. "हळू हाक मारलीस ना? मग बाबाला कशी ऐकू येणार? तुझंच चुकलं."

त्याने बायकोकडे पाहिलं. तोंड उघडलं तर बायकोच्या नजरेतून उतरायचं. गप्प बसलं तर पोर जन्मभर स्वतःला बोल लावणार.

"नाही गं राणी," तो म्हणाला. "मला ऐकू आली होती."

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं.

"मग?" टिल्लीने विचारलं.

"घाबरलो. तुला सोडून पळालो. आजोबांनी आणलं तुला. तुझं काही चुकलं नाही."

टिल्लीने जरा विचार केला. बाहुली बाहेर काढली आणि टेबलाखाली बोट दाखवलं. "आता तू आत जा. हाक मार."

गुडघे पोटाशी घेऊन तो आत शिरला. तिथून नुसती जमीन दिसत होती.

"टिल्ले."

"मोठ्याने!"

"टिल्ले!"

दोन छोटी पावलं धावत आली. खुर्चीपाशी बायकोची पावलं मात्र जागची हलली नाहीत.